पाचशे द्या, सगळं टाकून देतो

"साहेब, पाचशे द्या, सगळं टाकून देतो की!"

सोलापुरात कॉम्प्युटर घ्यायला किंवा फॉरमॅट मारायला गेलेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. या 'सगळं'मध्ये विंडोज येतं, ऑफिस येतं, कोरल आणि फोटोशॉप येतं, हिशेबाचं पॅकेज येतं, वर मराठी फॉन्टचा गठ्ठा. रीतसर घ्यायला गेलं तर हा ऐवज मशिनपेक्षा महाग पडेल. तो पाचशेत कसा बसला हे कोणी विचारत नाही, आणि पावतीवर 'सर्व्हिस चार्ज' एवढंच लिहिलेलं असतं.

हे आवाहन त्या पाचशे रुपयांबद्दल आहे. दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो गिऱ्हाईक मागतं ते देतो. मागणारे आपण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणारे, युनिफॉर्म शिवून परराज्यात पाठवणारे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे, जीएसटीचा डेटा सीएकडे पाठवणारे व्यापारी, आणि पोराला इंजिनिअरिंगला घातलं म्हणून हप्त्यावर लॅपटॉप घेणारे आईबाप.

हाच सोलापूरकर पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रदर्शनात 'अस्सल सोलापुरी चादर' असा बोर्ड बघतो, चादर हातात घेऊन वजन जोखतो, उलटी बाजू पाहतो आणि त्याचं डोकं फिरतं. माल पानिपतचा, नाव आमचं! ही तक्रार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अर्जांत हे दोन अर्ज होते. ज्या १९९९च्या कायद्याखाली ते मिळालं, त्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. आता १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ उघडून बघा. सहा महिने ते तीन वर्षं, ५० हजार ते २ लाख. शिक्षा आकड्याला आकडा तीच. संसदेने आपली चादर आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम एकाच तराजूत तोलले आहेत. आपण मात्र एकासाठी मोर्चा काढतो आणि दुसऱ्यासाठी पाचशे रुपये काढतो.

"चादर ही वस्तू आहे हो, सॉफ्टवेअर म्हणजे नुसती फाइल," असं कोणी म्हणेल. निदान या गावात तरी हे म्हणू नये. ज्यांचं बालपण साखर पेठेकडे किंवा अशोक चौकाच्या बाजूला मागाच्या खडखडाटात गेलं, त्यांनी जॅकार्डवरची पुठ्ठ्यांची माळ बघितली आहे. जिथे भोक, तिथे हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. जिथे भोक नाही, तिथे धागा खाली राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेक. अशा शेकडो पुठ्ठ्यांतून मोर उमटतो. फ्रान्समधल्या जॅकार्डने ही रचना १८०४च्या सुमारास बसवली आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला हीच भोकाची कार्डं वापरायचं ठरवलं होतं. मागावर टांगलेली ती माळ हा प्रोग्रॅमच होता. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, पुठ्ठे गेले, आणि मोर पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसला. आता चादरीचं डिझाइनही 'नुसती फाइल'च आहे. ते चांगलं चाललं की चार दिवसांत शेजारच्या शेडमध्ये विणलं जातं. मास्तर एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला की पेन ड्राइव्हही खिशातून जातो. तेव्हा मालक बोंब मारतो की माझी महिन्याची मेहनत चोरली. त्याचं खरं आहे. पण ते डिझाइन त्याने ज्या सॉफ्टवेअरवर काढलं, तेही कोणाच्या तरी अनेक वर्षांच्या मेहनतीचंच होतं.

इथे कारखानदारांना एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती माहीत नसल्याने पुष्कळांचं नुकसान होतं. आपण काढलेल्या चित्रावर आपोआप कॉपीराइट असतो, हे ऐकून लोक निर्धास्त राहतात. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये एक खुट्टी आहे. जे डिझाइन नोंदवता येण्याजोगं आहे आणि तुम्ही नोंदवलेलं नाही, त्याचे यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. सोलापूरच्या मागाला ५० नगांचं काय कौतुक? तेव्हा ज्या डिझाइनवर तुमची मदार आहे, ते डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदवा. संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं, आणि लघुउद्योगाला फी हजाराच्या घरात पडते. अट एकच, अर्ज माल बाजारात जायच्या आधी गेला पाहिजे. प्रदर्शनात मांडून झाल्यावर वकिलाकडे धावण्यात अर्थ नाही.

सिनेमाचंही थोडक्यात सांगतो. 'सैराट' आपल्या जिल्ह्याचा. नागराज मंजुळे जेऊरचे, शूटिंग करमाळा तालुक्यात. २९ एप्रिल २०१६ला तो थिएटरला लागला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी कॉपी मेमरी कार्डांवरून गावोगाव पोचली. आपल्याच माणसाचा आपण इतका अभिमान बाळगला की त्याचा सिनेमा वीस-तीस रुपयांत भरून घेतला! महाराष्ट्रात या धंद्याकडे कायदा कसा बघतो ते पाहायचं असेल तर पेपरात एमपीडीए कायद्याखालच्या कारवाईची बातमी वाचा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, वाळू तस्कर या त्या कायद्यातल्या यादीत दृकश्राव्य कलाकृतींचं विनापरवाना प्रदर्शन करणारेही आहेत. २००९ साली त्यांना त्या पंगतीला बसवलं गेलं. केंद्राने २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलून दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत नेला.

पण कायद्याचा धाक दाखवून कोणी सुधारत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी तुमच्या स्वतःच्या नुकसानीचं बोलू. क्रॅक टाकणारा पोरगा काय करतो ते एकदा शेजारी बसून नीट बघा. आधी तो अँटिव्हायरस बंद करतो. मग नेट काढतो. मग एक छोटी फाइल चालवतो. विंडोज विचारतं, या प्रोग्रॅमला मशिनमध्ये बदल करू द्यायचे का, तो 'येस' दाबतो. शेवटी तुम्हाला बजावतो, "अपडेट कधी मारू नका, उडेल." या पायऱ्यांचा अर्थ असा की पहारेकऱ्याला सुट्टी दिली, अनोळखी माणसाला घरमालकाचे अधिकार दिले आणि पुढे कधी कुलूप दुरुस्त करायचं नाही असं वचनही दिलं. त्या छोट्या फाइलमध्ये आणखी काय होतं, हे टाकणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. त्यानेही ती कुठून तरी उतरवलेलीच असते.

आणि काय असतं, तेही आता लपून राहिलेलं नाही. स्टॉप-डेजाव्हू नावाचं खंडणीचं व्हायरस मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. ते आत शिरलं की फोटो, एक्सेल, कोरलच्या फाइल, हिशेबाचा डेटा सगळ्याला कुलूप लागतं, फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट दिसायला लागतं आणि फोल्डरात एक चिठ्ठी मिळते: ९८० डॉलर द्या, तीन दिवसांत आलात तर ४९०. पाचशे रुपयांच्या बचतीचा हा हिशेब. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो दिसत नाही. क्रिप्टबॉट नावाचा चोर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो आणि गुपचूप पाठवून देतो. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या टूलच्या नकली आवृत्त्यांतून तो शिरतो, हे २०२१मध्येच उघड झालं होतं. २०२३मध्ये गुगलने तो पसरवणाऱ्यांवर अमेरिकेत खटला भरला, तेव्हा एका वर्षात सुमारे ६ लाख ७० हजार कॉम्प्युटर बाधित झाल्याचं सांगितलं. आता आठवून बघा, तुमच्या दुकानातल्या मशिनवर कशाकशाचे पासवर्ड सेव्ह आहेत. बँक, जीएसटी पोर्टल, ईमेल, लाइट बिल. कारखान्यात बहुतेक वेळा एकच मशिन असतं आणि त्यावरच डिझाइन, हिशेब आणि बँक, तिन्ही चालतं.

असं काही झालंच, तर पहिल्यांदा नेटची वायर ओढा, वायफाय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. खंडणी देऊ नका, आणि घाईघाईत फॉरमॅटही मारू नका, कारण काही जुन्या प्रकारांच्या चाव्या नंतर सापडलेल्या आहेत. मुळात हिशेबाचा आणि डिझाइनचा बॅकअप एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप लागतं.

आता कायदा तुमच्या टेबलापर्यंत कसा येतो ते सांगतो. 'मी विकत नाही, फक्त वापरतो' ही सबब चालत नाही. कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब खास वापरणाऱ्यासाठी आहे. चोरटी कॉपी आहे हे माहीत असून वापरली तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. मात्र त्याच कलमात एक सवलत आहे, आणि ती मला न्याय्य वाटते. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर कोर्ट कैद न देता फक्त दंडावर सोडू शकतं, आणि तो ५० हजारांपुढे जात नाही. म्हणजे घरी शिकणारा मुलगा आणि त्याच कॉपीवर महिन्याला लाखाचे फ्लेक्स मारणारा दुकानदार यांच्यात कायदा फरक करतो. आपणही करावा. कॉप्या करून वाटणाऱ्याचं मात्र अवघड आहे. कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात स्पष्ट केलं आहे, आणि माल जप्त करायला पोलीस उपनिरीक्षकाचा अधिकार पुरतो.

पोलीस दारात येण्याआधी बहुधा पत्र येतं. बरीच सॉफ्टवेअर नेट मिळालं की कंपनीला आपला पत्ता कळवतात, आणि मग वकिलाची नोटीस येते. ती आली तर घाबरून लगेच पैसे भरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. पत्र खरं त्या कंपनीचंच आहे का, हे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर विचारून घ्या, कारण याच भीतीवर जगणारे भामटेही आहेत. कुठल्या मशिनवर काय आहे, त्यातलं कशाचं बिल आहे, याची यादी करा. मग वकील गाठा, आणि वकिलाला दाखवण्याआधी कशावरही सही करू नका.

कायद्यात तुमच्या बाजूचंही काही आहे, ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी ठेवायचा हक्क कलम ५२ देतं. तो आतून कसा चालतो हे अभ्यासायला आणि तपासायला मुभा आहे. स्वतःच्या, धंद्याबाहेरच्या वापरासाठी स्वतःच्या कॉपीची कॉपी काढायलाही आहे. पुस्तकांचं बोलायचं तर दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रती रास्त ठरवल्या. तेव्हा कॉपी म्हणजे पाप, असं सरसकट म्हणणाऱ्या कंपन्यांचंही ऐकू नका.

कंपन्या काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. १९९८ साली बिल गेट्स जाहीरपणे म्हणाले होते की चीनमधले लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा सवय लागली की वसूल कसं करायचं ते आम्ही पुढे बघू. जगभर तसंच झालं. दोन पिढ्या फुकटच्या कॉपीवर शिकल्या, आणि हाताला वळण लागल्यावर बऱ्याच कंपन्यांनी एकदाच पैसे घेऊन विकणं बंद करत भाड्याची पद्धत आणली. आता दर वर्षी भरा, नाही भरलंत तर तुमचीच जुनी फाइल उघडायची पंचाईत. अमेरिकेच्या पगाराला परवडणारं भाडं साताठ हजारांवर राबणाऱ्या डीटीपी ऑपरेटरला कसं परवडेल? हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर चोरीत शोधलं की त्याच कंपनीची सवय आपल्याला आणखी घट्ट लागते. शिवाय चोरी काही अमेरिकेपुरती राहत नाही. हिशेबाचं टॅली बंगळुरूचं, फॉन्टचं श्रीलिपी पुण्याचं, आणि क्विक हील अँटिव्हायरस कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या काटकर बंधूंचं. यांचंही क्रॅक त्याच गठ्ठ्यात असतं.

मग करायचं काय? आधी धंद्याला खरंच काय लागतं ते बघा. पत्रं आणि तक्ते यासाठी लिब्रे ऑफिस पुरतं. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्याचे मेनू मराठीत करता येतात. कोरलच्या जागी इंकस्केप, फोटोशॉपच्या जागी गिम्प किंवा कृता. माझ्या मते इंकस्केप कोरलची हुबेहूब जागा घेत नाही. जुन्या कोरल फाइल काही वेळा वेड्यावाकड्या उघडतात, आणि छपाईच्या रंगांचं काम त्यात कमी सोयीचं आहे. तेव्हा चार मशिन असतील तर एकावर कोरल रीतसर विकत घ्या आणि उरलेल्या तिन्हींवर इंकस्केप ठेवा. हिशेबाला टॅली हवंच असेल तर विकत घ्या, धंद्याच्या खर्चात ते दाखवता येतं. शिकणाऱ्याला एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात हे बीकॉमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे, आणि शिकायला तेवढं पुरतं. मोठ्या कारभाराला मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट बघा, त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना कॅडसारखी महागडी पॅकेजं खुद्द कंपन्याच शिकण्यापुरती फुकट देतात. कॉलेजच्या ईमेलवरून मागायचा कंटाळा आपणच करतो.

फॉन्टचं दुखणं आपल्या गावात वेगळंच आहे. इथे लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि उर्दूत लागते, कधी एकाच कार्डावर दोन लिप्या. जुन्या चोरट्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या मशिनवर नेला की त्याची अक्षरं खिचडी होतात, म्हणून लोक सडलेलं जुनं विंडोज जपून ठेवतात. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्याआधीच्या आवृत्त्यांचं तर विचारूच नका. युनिकोडवर या. मुंबईच्या एक टाइपने बनवलेला बलू फॉन्ट देवनागरीत आहे, त्याचीच भावंडं कन्नड, तेलुगू आणि उर्दूसाठी आहेत, एका वळणाची. नोटो आहे, 'मुक्त' नावाचा फॉन्ट आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. धंद्यात वापरायला पैसे लागत नाहीत आणि कार्ड दहा वर्षांनी उघडलं तरी वाचता येईल.

युनिफॉर्मवाल्यांसाठी शेवटची गोष्ट. शाळेचा बिल्ला खिशावर भरायचा तर एम्ब्रॉयडरीचं महागडं सॉफ्टवेअर लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते क्रॅकच असतं. इंकस्केपवर चालणारी इंक-स्टिच नावाची जोडणी फुकट आहे. बिल्ल्याचं चित्र घ्यायचं, टाके कुठल्या दिशेने पडायचे ते ठरवायचं आणि मशिनला लागणारी डीएसटी फाइल काढायची. टाक्यांची घनता जमवायला हात बसावा लागतो, पहिले काही बिल्ले चुण्या पडून वाया जातील. वालचंद किंवा ऑर्किड कॉलेजच्या दोन पोरांना बोलावून एखाद्या शनिवारी चार कारखान्यांनी मिळून बसायला काय हरकत आहे? पोरांना खरं काम बघायला मिळेल, मास्तरांना सॉफ्टवेअर. फक्त शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर कोणालाच मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा हे दिवाळीनंतरच्या मोकळ्या दिवसांत उरका आणि बसायच्या आधी एक जुना बिल्ला, थोडं कापड आणि रिकामा पेन ड्राइव्ह सोबत ठेवा.